गुलामांचा धक्का आणि नगरपरिषदेचे दायित्व

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्लस्टन शहरात २७ जून २०२३ रोजी ‘इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम’ लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेत जहाजांतून आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के गुलाम याच बंदरात उतरवले गेले, असा अंदाज आहे. तरीही संग्रहालयाची कल्पना प्रत्यक्षात येण्यास २३ वर्षे लागली. २००० साली ती मांडणारे जोसेफ रायली हे शहराचे तत्कालीन महापौर होते.

अशा स्मारकाचा भार स्थानिक शासनाने का उचलावा, याचे उत्तर चार्लस्टनच्या जुन्या दप्तरात सापडते. गुलामांची जहाजे फक्त गॅड्सडेन धक्क्यालाच लागावीत, असा नियम १८०६ मध्ये याच शहराच्या परिषदेने केला. १ जानेवारी १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर देशभर बंदी आली. देशांतर्गत खरेदी-विक्री मात्र चालूच राहिली. १८५६ मध्ये रस्त्यावरील जाहीर लिलावांना शहराने मनाई केली, तेव्हा हा बाजार बंदिस्त आवारांत गेला. थोडक्यात, या व्यापाराची व्यवस्था लावणाऱ्यांत नगरपरिषदही होती. अशा लिलावांची एक इमारत शहराने १९८८ मध्ये विकत घेतली व २००७ पासून ती संग्रहालय म्हणून चालवली.

नव्या संग्रहालयासाठी गॅड्सडेन धक्क्याचीच जागा निवडण्यात आली. खासगी मालकीत गेलेली ही जमीन शहराने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरना परत घेतली. उभारणीसाठी शहर व काउंटी (आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) यांनी मिळून अडीच कोटी डॉलर, राज्याने तेवढेच आणि उरलेली रक्कम देणगीदारांनी द्यावी, असे सूत्र ठरले. प्रत्यक्षात खर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि खासगी देणग्यांचा वाटाही वाढला. परंतु जमीन व आरंभीचा शब्द शहराने दिला नसता, तर देणगीदारांपुढे जाण्यास आधारच उरला नसता.

वास्तुरचनेतही या जागेचा मान राखला आहे. इमारत १८ खांबांवर जमिनीपासून सुमारे १३ फूट उंच उचलली असून खालची भूमी स्मृती-उद्यानासाठी मोकळी ठेवली आहे.

लोकनियुक्त संस्थेचा पाठिंबा मात्र कधीच गृहीत धरता येत नाही. गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल माफी मागणारा ठराव या शहराच्या परिषदेने जून २०१८ मध्ये मंजूर केला, तोही ७ विरुद्ध ५ अशा मतांनी. ज्या विषयावर सभागृह असे दुभंगते, त्यासाठी करदात्यांचा पैसा मिळवणे हे दीर्घ राजकीय चिकाटीचे काम ठरते. सुमारे ४० वर्षे महापौरपदी राहिलेल्या रायली यांनी पद सोडल्यावरही हे काम चालू ठेवले.

संग्रहालयातील कुटुंब-इतिहास केंद्रात या खर्चाचे मोल कळते. १८७० पूर्वीच्या अमेरिकी जनगणनांत गुलामांची नावे सहसा आढळत नाहीत. पूर्वजांचा माग काढायचा तर मृत्युपत्रे, विक्रीखते आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. ज्या दप्तरांनी माणसांची नोंद माल म्हणून केली, त्याच दप्तरांतून त्यांचे वंशज आज त्यांची नावे शोधत आहेत.