बोलकं खेळणं आणि गप्प घर

मागच्या पावसाळ्यात नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही लहान मुलांची वजनं घ्यायला घरोघर फिरत होतो. एका घरी वीस महिन्यांचा मुलगा खाटेवर बसून प्लास्टिकचा छोटा लॅपटॉप बडवत होता. बटण दाबलं की 'ए फॉर ॲपल', लाल-निळे दिवे आणि इंग्रजी गाणं. आई धुणीभांडी करते, वडील सेंट्रिंगच्या कामावर. खेळणं साडेआठशे रुपयांचं. "ताई, हा अजून बोलत नाही. दुकानदार म्हणाला, यानं बोलायला शिकेल," आई म्हणाली. आम्ही अर्धा तास तिथं होतो. तेवढा वेळ लॅपटॉप बोलत होता. मुलगा गप्प, शेजारी बसलेली आजीही गप्प.

दोष त्या माउलीचा नाही. आपल्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली 'शिका' लिहिलेलं असतं. लेकरू शिकावं म्हणून आपण पोटाला चिमटा घेतो, आणि बाजाराला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर खोक्यावर 'एज्युकेशनल' छापतात. तो शब्द छापायला खेळण्याला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधक ॲना सोसा यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे आईवडील. प्रत्येक घरी तीन प्रकारच्या वस्तू दिल्या : बोलणारा लॅपटॉप, बोलणारं शेत आणि खेळण्यातला मोबाईल, लाकडी कोडं, आकार बसवायचा डबा आणि ठोकळे, आणि जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं. घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं. पुस्तक हातात असताना मोठी माणसं मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलली, साध्या खेळण्यांशी ५६, आणि बोलक्या खेळण्यांशी फक्त ४०. खेळणं बोलायला लागलं की आईबाप तोंड मिटून बसतात! बाळांचे हुंकारही पुस्तकापेक्षा या खेळण्यांसोबत कमी झाले. २६ घरं म्हणजे फार नव्हेत, आणि ती आपल्यासारखी घरंही नव्हती. पण आम्ही त्या खाटेजवळ जे पाहिलं ते याहून वेगळं नव्हतं. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये पालकांना सांगितलं, की ज्या खेळण्यानं आईबाप आणि मूल एकमेकांशी खेळतात-बोलतात तेच चांगलं, आणि ते साधं असलं तरी चालतं.

असं का होतं? बाळ 'बा' म्हणतं. आपण म्हणतो, "बाबा? बाबा कामावर गेले. संध्याकाळी येतील." बाळ दाराकडे पाहतं, आपणही पाहतो. या देवाणघेवाणीतून बोली येते. लॅपटॉपला बाळानं काय म्हटलं हे ऐकू येत नाही. बाळ रडलं तरी तो 'ॲपल'च म्हणतो.

आता मनातली गोष्ट बोलू. पुष्कळ आया आम्हाला म्हणतात, "ताई, आमचं बोलणं गावठी, आम्ही काय शिकवणार? खेळणं निदान इंग्रजी तरी बोलतं." आपली बोली हलकी, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं, आणि ते आपल्या तोंडी बसलं. बाळाच्या मेंदूला शुद्ध-अशुद्ध कळत नाही. त्याला आईचा चेहरा, आईचा आवाज आणि आपल्या हुंकाराला मिळणारं उत्तर कळतं. 'काऊन रडून राह्यला रे' हे त्याच्यासाठी पूर्ण भाषाशिक्षण आहे. घरची भाषा पक्की झाली की शाळेतली मराठी आणि इंग्रजी त्याच पायावर चढतात.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. चार घरची भांडी घासून आलेल्या बाईला 'मुलाशी अर्धा तास खेळा' असं सांगायला आमची जीभ रेटत नाही. पण भाजी निवडताना बाळाला समोर बसवता येतं. "हा कांदा, हा आलू. दे मला आलू." गंज आणि झाकण दिलं तर घटकाभर वाजवतं. आजी, मोठी बहीण, आणि हो, बाबांनाही तोंड आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती वाटाणे, शेंगदाणे, मणी मात्र देऊ नका, घशात अडकतात. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला आहे. त्यात घरी करायचे असेच खेळ आहेत. अंगणवाडीताईंना त्याबद्दल विचारा.

पाहुण्यानं असं खेळणं आणलं तर फेकू नका. बटण दाबल्यावर आपणही बोला, किंवा सेल काढून तसंच द्या. सेरेब्रल पाल्सीसारखा त्रास असलेल्या मुलांना मोठ्या बटणाची खेळणी उपयोगी पडतात. तिथं थेरपिस्ट सांगतील तसं करा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. स्वस्त खेळण्यात नाण्यासारखा चपटा बटण-सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. लाळ गळते, मूल खात नाही, खोकतं. घरच्यांना सर्दी वाटते. उलटी करवू नका. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या आणि सेल गिळल्याची शंका आहे हे आधी सांगा. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊच नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती बघून घ्या.

आणि मूल बोलत नसेल तर दुकानात नाही, तपासणीला जा. वर्षभरात नावाला वळून पाहत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडत नाही, तर आधी कान तपासायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तपासणी फुकट असते आणि पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

त्या मुलाला आम्ही तिकडंच पाठवलं. कान चांगले निघाले. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तो कांद्याच्या टोपलीत हात घालून आजीला 'घे, घे' म्हणत होता. लॅपटॉप खाटेखाली होता. त्यातला एक सेल आजीनं काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला होता.