ट्रॉलींतील ओझें आणि त्याची मर्यादा

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला कीं वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा ह्या सहाही तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. खळ्यावरचा माल त्याच दिवशीं बाजार समितींत पोंचावा, भाव उतरण्यापूर्वीं त्याचें माप व्हावें आणि दोन खेपांचें काम एका खेपेंत उरकून डिझेल वांचावें, अशी प्रत्येकाची इच्छा असते. ती गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या इच्छेपायीं ट्रॉलीचे फाळके फळ्या लावून उंच केले जातात, त्यांवर पोत्यांचे आणखी थर चढतात, आणि ट्रॅक्टरनें ती ट्रॉली जागची हलविली कीं ओझें बेताचें आहे असा निर्वाळा दिला जातो. हा निर्वाळा खोटा होय. ट्रॅक्टर किती ओढूं शकतो हा प्रश्न वेगळा आणि ओढलेलें किती थांबवूं शकतो हा प्रश्न वेगळा. पहिल्याचें उत्तर खळ्यावरच मिळतें. दुसऱ्याचें उत्तर उतारावर मिळतें, व त्या वेळीं ओझें कमी करण्याची सोय राहिलेली नसते.

तोलाच्या बाबतींत आमचा जिल्हा कांहीं मागासलेला नाहीं. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वयें स्थापन झाला. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्यबाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. ह्या सर्व खटाटोपांत शेतकऱ्याच्या मालाचें माप खरें व्हावें हा एक मोठा हेतु होता. आजही क्विंटलामागें अर्धा किलो कोणी मारूं लागला तर शेतकरी भांडावयास उठतो, आणि तें योग्यच आहे. पण तोच शेतकरी आपल्या ट्रॉलींत तीस क्विंटल माल आहे कीं साठ, हें बाजारांतील कांट्यावर चढेपर्यंत विचारीतही नाहीं. अर्ध्या किलोचा हिशेब ठेवणाऱ्यास तीस क्विंटलांचा हिशेब अवघड कां वाटावा?

हा हिशेब घरबसल्या करतां येतो. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तिचे फाळके दोन फूट उंच असतील तर तिचें पोट १२० घनफूट, म्हणजे सुमारें ३.४ घनमीटर होतें. कोरडें सोयाबीन एका घनमीटरांत साधारणतः ७५० किलो मावतें. तेव्हां काठोकाठ भरलेल्या अशा ट्रॉलींत सुमारें २५ क्विंटल माल झाला. फाळक्यांवर आणखी दोन फूट फळ्या चढविल्या कीं तोच आंकडा ५१ क्विंटलांवर जातो. पण त्याच ट्रॉलींत, फळ्या न लावतां, नुसत्या दोन फूट फाळक्यांपर्यंत ओली वाळू किंवा माती भरली तरी ५४ क्विंटल होतात, कारण तिचें वजन घनमीटरास १,६०० किलोंच्या घरांत असतें. म्हणून "काठापर्यंत भरली" ह्या बोलण्यास वजनाच्या दृष्टीनें कांहींच अर्थ नाहीं. शेणखताचेंही तसेंच: उन्हाळ्यांत वाळलेलें खत आणि पावसानें भिजलेलें खत हीं डोळ्यांस सारखींच दिसलीं तरी कांट्यावर सारखीं नसतात. पाण्याच्या टँकरचा हिशेब सर्वांत सोपा, लिटरास एक किलो; ५,००० लिटरांचा टँकर म्हणजे टाकीचें वजन सोडून ५० क्विंटल. त्यांतही अर्धवट भरलेला टँकर अधिक घातक, कारण आंतलें पाणी वळणावर एका बाजूस धांवतें व ब्रेक लाविला कीं पुढें आदळतें. मोकळ्या कापसाची तऱ्हा ह्याच्या उलट आहे. त्याचें वजन फारसें होत नाहीं, पण गंजी उंच व रुंद होऊन रस्ता अडवते.

ह्या सर्व आंकड्यांत रिकाम्या ट्रॉलीचें वजन मिळवावयाचें असतें, आणि तेंच बहुधा विसरलें जातें. बांधणीप्रमाणें तें बारा-पंधरा क्विंटल सहज भरतें.

आतां थांबण्याचा हिशेब पाहूं. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अदमासें २० क्विंटल वजनाचा असतो. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील दोन चाकांसच असतात, व ट्रॉलीस बहुधा ब्रेक नसतोच. म्हणजे एकूण ओझें कितीही असो, तें रोखण्याचें सर्व काम ट्रॅक्टरच्या त्या दोन चाकांवर येऊन पडतें. समजा, ताशी २५ किलोमीटर वेगानें चाललेला एकटा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर ब्रेक लाविल्यापासून ८ मीटरांत थांबतो. त्याच ट्रॅक्टरमागें ५१ क्विंटल सोयाबीन व १४ क्विंटलांची ट्रॉली असेल, तर ८५ क्विंटलांचें एकूण वजन त्याच ब्रेकांनीं थांबवावयाचें आहे. हिशेबानें त्यास ३४ मीटर लागतात. आणि रस्ता वीस फुटांस एक फूट असा उतरता असेल तर हें अंतर ११० मीटरांच्या पलीकडे जातें. ह्यांत चालकाचा पाय ब्रेकवर पोंचेपर्यंतचा वेळ धरलेला नाहीं. एक सेकंद गेला तरी सात मीटर वाट सरते. त्याच उतारावर एकटा ट्रॅक्टर दहा मीटरांच्या आंत उभा राहतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे रिकामा ट्रॅक्टर चालवून हाताला बसलेला अंदाज भरल्या ट्रॉलीसमोर कां चुकतो हें कळेल. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. चाकांना काळी माती लागून रस्ता निसरडा झाला असल्यास तो ह्याहूनही बिघडतो.

अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आमच्या जिल्ह्यांतून जातो, आणि मेडशीकडून पातूरच्या बाजूस जातांना घाट लागतो. अशा उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलवर गाडी सोडून देणारे चालक आहेत. त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, जो चढ ज्या गिअरमध्यें चढावा लागतो, तो उतार त्याच गिअरमध्यें उतरावा. मग इंजिन स्वतःच ओझें धरून ठेवतें व ब्रेक तापत नाहीं. वेग वाढल्यावर खालचा गिअर घालूं म्हटलें तर तो बहुधा पडत नाहीं, आणि गाडी मोकळीच सुटते. दुसरी गोष्ट ब्रेकच्या दोन पेडलांची. शेतांत वळतांना डावा-उजवा ब्रेक वेगळा लावतां यावा म्हणून तीं सुटीं ठेवतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं त्यांना जोडणारी कडी घालावयास पाहिजे. कडी न घालतां जोरानें एकच पेडल दाबलें गेलें तर एकच चाक धरतें, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि मागचें ओझें त्यास कातरीच्या पात्याप्रमाणें दुमडून टाकतें.

ओझें किती हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें कोठें ठेविलें हेंही. बैलगाडी भरलेल्या माणसास हें शिकविण्याची गरज नाहीं. गाडी उलाळ झाली तर जूं बैलांच्या मानेवरून वर उचलतें, आणि फार पुढें जड झाली तर बैल वांकतात. म्हणून जुनीं माणसें गाडी भरून झाल्यावर जूं हातानें उचलून पाहत. दोन चाकी ट्रॉलीस अगदीं हाच नियम लागू आहे. माल आंसाच्या मागें जड झाला तर ट्रॉली ट्रॅक्टरची मागील बाजू वर उचलते, ब्रेक असलेल्या चाकांवरचा भार कमी होतो व मागची बाजू डावी-उजवी झोंके घेऊं लागते. माल फारच पुढें रचला तर हुकावरचा दाब वाढून ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. चढावर तर पुढची बाजू उचलूंच लागते. चिखलांत रुतलेली ट्रॉली ओढतांना साखळी मागील आंसाहून उंच कोठेंही बांधूं नये. हुकाच्या जागींच बांधावी व क्लच हळूहळू सोडावा. उंच बांधलेल्या साखळीनें ट्रॅक्टर मागच्या चाकांभोंवतीं उलटा होण्यास एक-दोन सेकंद पुरतात, व चालकास उडी मारण्यासही अवकाश मिळत नाहीं.

परदेशांत ह्या प्रश्नाकडे कसें पाहतात हें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत शेतकरी पुष्कळदां पिकअप गाडीस मागें ट्रेलर लावून गुरें, गवत वा यंत्रें नेतात. तेथें गाडीचें स्वतःचें भरलेलें वजन आणि गाडी व ट्रेलर मिळून होणारें एकूण वजन असे दोन वेगळे आंकडे कारखाना ठरवून देतो, आणि ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असा सर्वसाधारण संकेत आहे. ट्रॅक्टरांच्या परदेशी पुस्तिकांत तर असें स्पष्ट म्हटलेलें आढळतें कीं, ब्रेक नसलेलें ओझें ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक नसावें व तें ताशी ३२ किलोमीटरांहून अधिक वेगानें ओढूं नये. २० क्विंटलांच्या ट्रॅक्टरास ह्या दंडकानें ट्रॉलीसकट ३० क्विंटल, म्हणजे निव्वळ माल सोळा क्विंटलांच्या आसपास नेतां येईल. हा आंकडा वाचून आमचे पुष्कळसे वाचक हंसतील. हंसावें, पण हाच दंडक ट्रॉलीस ब्रेक असेल तर पुष्कळ सैल होतो, हेंही त्यांनीं पाहावें. ट्रॉली पुढें रेटूं लागली कीं दांडीवरच्या दाबानें तिचे ब्रेक आपोआप लागतात, अशी योजना असते. ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालणारीही असते. नवी ट्रॉली बांधून घेतांना रंगावर व फाळक्यांवरील नक्षीवर जो खर्च होतो, तो आधीं ब्रेकावर व्हावा असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे ट्रॅक्टर नसलेले पुष्कळ शेतकरी भाड्याच्या पिकअप गाडींतून माल नेतात. पिकअपची नोंदलेली क्षमता गाडीगणिक साधारणतः १३ ते १७ क्विंटल असते, व छोटा हत्ती म्हणून जी गाडी ओळखली जाते तिची त्याहूनही पुष्कळ कमी. पंचवीस क्विंटल भरलेली पिकअप चालते खरी. पण तिचे पाटे बसतात, टायर तापतात व फुटतात, आणि पुढचीं चाकें हलकीं झाल्यानें वळणावर ती चालकाचें ऐकत नाहीं.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत "मोटार वाहन" ह्या शब्दाच्या व्याख्येंतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणजे ट्रॉली ही ट्रॅक्टरची शेपटी नसून कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र वाहन होय; तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, व ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही तिच्या मागें लावावा लागतो. कलम ११३ प्रमाणें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या भरल्या वजनाहून अधिक वजन घेऊन वाहन वा ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. ह्याच कलमांतील एक पोटकलम जमीनदार वाचकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावें: चालक हा मालक नसेल, तर तो अपराध मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानेंच झाला असें न्यायालय गृहीत धरूं शकतें. "गड्यानें भरली, मला ठाऊक नव्हतें" ही सबब तेथें चालेलच असें नाहीं. कलम ११४ प्रमाणें अधिकारी वजन करण्यास सांगूं शकतो; पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरांच्या आंत, किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरांच्या आंत कांटा असला म्हणजे तेथें गाडी नेणें चालकास भाग आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनें जादा वजनास २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये, व जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा, असें ठरलें आहे. वजन करण्यास नकार देणाऱ्यास ४०,००० रुपये. तीन टन जादा भरले तर २६,००० रुपये झाले. २०२५-२६ च्या हमीभावानें, म्हणजे क्विंटलास ५,३२८ रुपयांप्रमाणें, हें जवळजवळ पांच क्विंटल सोयाबीन होय. एका खेपेचें डिझेल वांचविण्याची ही किंमत कोणास परवडते तें ज्याचें त्यानें ठरवावें. अपघात झाल्यास नोंदणी व विमा नसलेल्या ट्रॉलीपायीं भरपाईचा वाद उभा राहून ती मालकाच्या अंगावर येऊं शकते, हें निराळेंच.

ह्याच संदर्भांत पोत्यांवर बसून जाणाऱ्या मजुरांचा विषय येतो. ट्रॉली माणसांसाठीं केलेलीच नाहीं. ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड जिल्ह्यांत आलेगांवच्या शिवारांत शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला व सात स्त्रिया मरण पावल्या. त्या हिंगोली जिल्ह्यांतील गुंज गांवच्या होत्या. ओझ्याचा प्रश्न तेथें नव्हता; पण उंच रचलेल्या पोत्यांवर बसलेल्या माणसांस तर धरावयास फाळकाही नसतो. मजुरांना वेगळ्या वाहनानें नेण्यास जो खर्च येतो तो हंगामाच्या खर्चांत आधींच धरलेला बरा.

व्यवहारांत करावयाचें तें फार नाहीं. ट्रॅक्टरचें व ट्रॉलीचें नोंदणीपत्र काढून त्यांतील रिकामें व भरलें वजन ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यावर रंगानें लिहून ठेवावें. हंगामाच्या पहिल्या खेपेस भरलेली ट्रॉली जवळच्या भुईकांट्यावर चढवावी, तिच्यांत किती पोतीं होतीं तें मोजावें, आणि मग फाळक्याच्या आंतून त्या उंचीवर एक रेघ मारावी. सोयाबीन, तूर व हरभरा ह्यांस ती रेघ स्थूलमानानें पुरते. माती, मुरूम व ओलें खत ह्यांसाठीं तिच्या निम्म्यापेक्षां किंचित् खालीं दुसरी रेघ मारावी. हुकाच्या पिनेस खिळ घालावी व पिन तुटली तरी ट्रॉली सुटूं नये म्हणून वेगळी साखळी बांधावी. घाटाच्या वाटेनें जावयाचें असल्यास माल दोन खेपांत न्यावा. रात्रीं बाजाराबाहेर रांगेंत उभें राहण्याची पाळी आली तर ट्रॉली रस्त्याच्या खालीं घ्यावी, चाकांना दगड लावावे, व मागच्या फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी असावी. ती धुळीनें झांकलेली असते, तेव्हां निघण्यापूर्वीं ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.