गोळी सुरू झाली, बंद कोण करणार?

पाटगाव, कडगावकडून गारगोटीच्या दवाखान्यात आलेल्या एखाद्या आजींची पिशवी उघडून बघावी. बीपीची गोळी, शुगरची गोळी, गॅसची, गुडघ्याची, झोपेची. एक चिठ्ठी गारगोटीची, दुसरी कोल्हापूरची, तिसरी मुंबईला लेकाकडे राहायला गेल्या तेव्हाची. तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी विचार करूनच लिहिलेलं असतं. पण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र मांडून बघणारं कुणी नसतं, आणि खरा धोका तिथंच आहे.

वय वाढतं तशी मूत्रपिंडं औषध सावकाश बाहेर टाकू लागतात. अंगातलं पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपामसारखी झोपेची गोळी या चरबीत मुरते आणि दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. पहाटे परड्यात जाताना तोल जातो, खुबा मोडतो. घरचे म्हणतात, पाय घसरला.

अशा औषधांची पहिली यादी अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी १९९१ साली केली, तीही वृद्धाश्रमातल्या रुग्णांसाठी. तिची अलीकडची सुधारित आवृत्ती २०२३ची. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २००८मध्ये स्वतःची यादी काढली. तिच्यात टाळायच्या औषधांबरोबर, गरज असून द्यायची राहून जाणारी औषधंही आहेत. ही बाजू विसरून चालणार नाही.

शुगरवरची ग्लिबेनक्लामाइड आपल्याकडे वर्षानुवर्षं दिली गेली. स्वस्त, आणि साखर झटकन खाली आणणारी. साठीनंतर ती योग्य नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत नमूद आहे. कारण तिचा अंमल लांबतो. गोळी घेतलेली, पण दुपारी भाकरी कमी खाल्लेली. मग घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. म्हातारपणाचा चळ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, आणि साखर मात्र आणखी उतरत असते.

गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅकची गोष्ट तर गिधाडांनाही ठाऊक झाली. हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६मध्ये देशात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडापेक्षा ते पुष्कळ चांगलं पचवतं. तरी सत्तरीतल्या, बीपी असलेल्या माणसाला ते रोज देणं म्हणजे मूत्रपिंड, जठर आणि हृदय या तिघांवर एकदम ओझं. ‘डॉक्टर, एक सुई द्याच,’ हा आग्रह रुग्णाचाही असतो, आणि ओपीडीत रांग लागलेली असताना तो मोडायला लागणारा वेळ डॉक्टरकडे नसतो.

सगळ्यात फसवी असते ती औषधांची साखळी. चक्कर येते म्हणून सिनारिझिन सुरू होते. बरं वाटतं, म्हणून मेडिकलमधून तीच गोळी महिनोन्‌महिने आणली जाते. काही महिन्यांनी हात थरथरू लागतो, चाल मंदावते, कारण मेंदूतल्या डोपामिनचं काम ती अडवते. नव्या डॉक्टरला तो कंपवात वाटतो. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल दिली जाते. तिनं तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, लघवी तुंबते, विसरायला होतं. मग पोट साफ व्हायची गोळी. पहिली चक्कर कदाचित बीपीची गोळी जास्त झाल्यानं आलेली असते.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णं आणि मेडिकलमधून आपणहून आणलेल्या गोळ्यांसकट, एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ओतावीत. प्रत्येकीबद्दल विचारावं: ही कशासाठी, आणि कधीपर्यंत? मनानं मात्र एकही बंद करू नये. झोपेची गोळी एकदम तोडली तर तडफड होते, कधी झटकेही येतात. ती आठवड्याआठवड्यानं कमी करत आणावी लागते. सिनारिझिन थांबवल्यावरही थरथर लगेच जात नाही. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर कंपवातावरची नवी गोळी सुरू होऊ नये, याकडे घरातल्या कुणी तरी एकानं लक्ष ठेवायला हवं.