खेळातल्या गावात आपले मूल कोणाला भेटते?

मागच्या महिन्यात अनसिंगच्या एक आजी दहा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रातभर जागते हे पोट्टं, अन् सकाळी म्हन्ते डोकं दुखते." तपासले. ताप नाही, रक्त कमी नाही, चष्म्याचा नंबरही नाही. डोळे मात्र लाल. हळूहळू विचारल्यावर मुलाने सांगितले, की घरचे झोपले म्हणजे तो आईच्या मोबाइलवर 'आमच्या गावात' जातो. हे गाव अनसिंग नव्हे, इंटरनेटवरच्या एका खेळातले.

पुष्कळ पालकांना हा प्रकार ठाऊक नसतो. हा खेळ मोबाइलमध्ये वेगळा भरावा लागत नाही. ज्या ब्राउझरवर आपण सातबारा पाहतो, त्यावरच तो उघडतो. त्यामुळे सहज चाळले तर नजरेस पडत नाही. मूल एक टोपणनाव व एक सोंग घेते, घर सजवते, नाणी जमवते, प्राणी पाळते. त्याच वेळी दूरदूरची इतर मुलेही तिथे हिंडत असतात व लिहून गप्पा मारतात. २००५ साली कॅनडात निघालेला 'क्लब पेंग्विन' हा या जातीचा नावाजलेला खेळ. त्यात लहानांना ठरावीक तयार वाक्येच पाठवता यावीत अशी व्यवस्था पालकांना करता येई, शिवाय देखरेखीला माणसे होती. ३० मार्च २०१७ रोजी डिस्ने कंपनीने तो बंद केला. पुढे इतरांनी परवानगीविना त्याच्या नकला चालवल्या. त्यांतल्या एकीत अश्लील संदेश फिरत असल्याचे २०२० मध्ये बीबीसीने उघड केले, तेव्हा तीही बंद पडली. चित्रे तीच गोंडस, पण राखण करणारे कोणी नाही, असे हे झाले होते.

कॅरमचा डाव संपतो, या गावाला डावच नाही. आपण निघालो तरी सवंगडी तिथेच असतात, म्हणून 'आता पुरे' म्हटले की मूल चिडते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. हा जेमतेम सहा तास झोपत होता. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. त्याच्या डोकेदुखीचे मूळ एवढेच होते. याला लगेच व्यसन म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगसूचीत खेळाचा विकार आहे खरा, पण ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे व नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारण वर्षभर चालले तरच तो धरतात.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. "तिथे तुझे मित्र कोण?" असे विचारता त्याने तीन टोपणनावे सांगितली. एकाने याच्या गावाचे नाव विचारले होते, याने सांगितलेही. मग त्याने फोटो मागितला.

"घरी सांगितलंस?"

"नाही. मोबाइल काढून घेतील."

अभिनेते अक्षय कुमार यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतील पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात असाच प्रसंग सांगितला होता. त्यांच्या मुलीला खेळता खेळता एका अनोळखी माणसाने नग्न फोटो मागितला. तिने खेळ बंद केला व आईला सांगितले, म्हणून निभावले. आमच्या या मुलाला तो धीर नव्हता, आणि त्यात दोष मोठ्यांचाच.

चूक तुझी नाही, असे मी आजींसमोरच त्याला सांगितले. आईने ते संदेश जपून ठेवले, मग त्या 'मित्रा'ला ब्लॉक केले. रात्री आठनंतर मोबाइल आजींच्या उशाशी. दिवसा अर्धा तास खेळ, तोही ओसरीवर, सर्वांसमोर. एकदा त्याने आजींना आपले तिथले घर दाखवले. त्यांनी विचारले, "याच्यात मोरी कुठी हाये?" पंधरा दिवसांत डोकेदुखी थांबली.

मुलाने फोटो आधीच पाठवला असेल तरी त्याला मारू नका व संदेश पुसू नका. कोणी धमकावत असेल तर चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा आणि पोलिसांत कळवा. मूल घुमे झाले, जेवण टाकले, शाळा टाळू लागले, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.