कथेतील उत्कंठा मुलांना कशी शिकवावी?

शालेय मुलांच्या कथालेखनाच्या वह्यांत एक शब्द वारंवार भेटतो : 'अचानक'. अचानक वादळ येते, अचानक साप निघतो, अचानक दोर तुटतो. वाचक क्षणभर दचकतो आणि पुढच्याच ओळीत कथा संपते. या शब्दावर बंदी घालून काही साधत नाही. मुले त्याजागी 'एकाएकी' लिहितात. उणीव असते ती लेखनापूर्वीच्या आराखड्याची.

धक्का आणि उत्कंठा यांतील भेद चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत सोप्या उदाहरणाने उलगडला होता. दोन माणसे मेजाशी गप्पा मारत आहेत आणि मेजाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला धक्का बसतो, तो पंधरा सेकंदांचा. तोच बॉम्ब एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात.

मुलांचा समज नेमका याच्या उलट असतो. सारे काही शेवटपर्यंत दडवून ठेवले की कथा उत्कंठावर्धक होते, असे त्यांना वाटते. वास्तविक वाचकाला थोडे आधी कळावे लागते, आणि पात्राला ते कळू नये किंवा कळूनही त्याचे लक्ष नसावे.

'मीना विहिरीवर गेली. अचानक दोर तुटला,' असे एखाद्या मुलाने लिहिले, तर त्याला शेवटाकडून मागे यायला सांगावे. दोर तुटणार हे निश्चित. मग तो झिजल्याचे वाचकाला कोठे दिसेल? कथेच्या आरंभी आजी स्वयंपाक करता करता म्हणते, 'दोर जुना झालाय, बाजारच्या दिवशी नवा आणू.' घरी पाहुणे येतात, म्हणून मीना नेहमीच्या कळशीऐवजी मोठी घागर नेते. रहाटावर दोराचा एक पेड सुटतो. मीना मात्र मैत्रिणीशी बोलण्यात दंग. आता 'अचानक' या शब्दाची गरजच उरत नाही.

तरीही एक प्रश्न राहतो : दोर तुटल्याने बिघडणार काय? साधी घागर बुडाली, तर वाचकाला फारशी हळहळ वाटणार नाही. ती आजीने माहेरून आणलेली असेल, तर वाटेल. वेताळपंचविशीत हेच घडते. विक्रम राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर जाणार, आणि उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. ही अट श्रोत्याला माहीत असते, म्हणूनच प्रत्येक कथेच्या शेवटी तो कान टवकारतो.

परीक्षेत मुद्द्यांवरून कथा लिहिताना शेवट बहुधा दिलेलाच असतो. मग पूर्वखुणा कोठे ठेवायच्या, एवढेच ठरवायचे राहते. त्याला चार-पाच मिनिटे पुरतात. खुणा दोन किंवा तीन असाव्यात. त्याहून अधिक झाल्या, की कथा रेंगाळते. कळसाजवळ वाक्ये आखूड करावीत. हे मात्र मुलांना लवकर जमते.

आराखडा साधला की नाही, हे वर्गातच पडताळता येते. मुलाने कथा मोठ्याने वाचावी आणि कळसाच्या ओळीआधी थांबावे. 'पुढे काय होईल?' असे विचारल्यावर कोणालाच काही सुचले नाही, तर खुणा कमी पडल्या. सर्वांनी एकच उत्तर कंटाळून दिले, तर त्या फार ठळक झाल्या. मुले आपापसांत वाद घालू लागली, तर पुढची ओळ वाचायला हरकत नाही.