सोन्याचा पाळणा आणि काचेतला मासा

मैत्रिणींनो, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ताटकळत बसलं, की कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे नजर जातेच. तिच्यात बोटाच्या दोन पेरांएवढे, डोक्यापासून शेपटीपर्यंत निळसर पट्टे ओढलेले मासे सुळसुळत असतात. मुलं काचेवर टिचक्या मारतात आणि आपण त्यांना दटावतो. हा मासा म्हणजे झेब्राफिश. दिसायला शोभेचा, पण बाळाचा मेंदू कसा घडतो, याची कितीतरी उत्तरं शास्त्रज्ञांनी याच इवल्याशा जिवाकडून मिळवली आहेत. आणि बाळात काही उणं निघालं की घराघरांत जो प्रश्न सुनेकडे बोट दाखवून विचारला जातो, त्यावरही हा मासा बोलतो बरं का!

मासा मूळचा आपल्याच देशाकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टरने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात १८२२ साली याची नोंद केली. पुढे तो परदेशी घरांतल्या काचपेट्यांत पोचला, आणि अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ सालचा. योगायोग पाहा, आपला जालना जिल्हा वेगळा झाला तोही त्याच वर्षी!

हाच मासा का निवडला? कारण सोपं आहे. आपलं बाळ पोटात वाढतं, त्याच्या मेंदूत रोज काय चाललंय ते कुणाला दिसणार? या माशाची मादी मात्र एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. ती बाहेर पाण्यात वाढतात आणि काचेसारखी आरपार असतात. चोवीस तासांत मेंदूचे भाग ओळखू येतात, इवलं हृदय धडधडू लागतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी स्वतःचं भक्ष्य स्वतः पकडतं. आणि माणसाच्या शंभर जनुकांपैकी सुमारे सत्तरांचे भाऊबंद या माशात सापडतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे नातं दूरचं, पण आहे!

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. वत्सला तिरुमलै याच पिल्लांच्या मेंदूतली ‘वायरिंग’ अभ्यासतात. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी एकेका पेशीला टेकवून तिचा विद्युतसंदेश ऐकायचा, असं हे काम. त्यांचं लक्ष आहे लहान मेंदूवर. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असतो तो. वीज गेल्यावर अंधारात जिना उतरताना ‘अजून एक पायरी आहे’ असं पायाला वाटतं आणि पायरी नसली की आपण दचकतो ना? पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचं हे काम लहान मेंदूचं. एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं, तर आठवड्याभराचं पिल्लूदेखील त्याची वाट पाहू लागतं आणि लवकर हालचाल करतं, असं त्यांच्या प्रयोगशाळेला आढळलं. लहान मेंदूला इजा केली, तर ही चपळाई जाते. बाळ रांगतं, तोल सावरतं, घास तोंडापर्यंत नेतं, त्यामागे अशाच पेशींची जुळणी असते.

आपल्या मुंबईतही हा मासा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. महेंद्र सोनवणे यांनी झेब्राफिशची त्वचा कशी घडते यावर काम केलं आहे. त्याआधी ते जर्मनीतल्या ट्युबिंगेनला नोबेलविजेत्या क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत होते.

त्या प्रयोगशाळेची एक गोष्ट मात्र प्रत्येक सासूने आणि सुनेने ऐकावी. तिथे नर माशांच्या जनुकांत मुद्दाम बिघाड केले. त्यांची पिल्लं बहुतेक धडधाकट! नातवंडंही तशीच. पण त्या नातवंडांतल्या भावाबहिणींची जोडी लावली, की काही जोड्यांच्या पिल्लांत साधारण चौथ्या हिश्शाला दोष दिसू लागला. कुणाचा मेंदू नीट घडेना, कुणाचं हृदय. असे हजाराहून अधिक वाण सापडले आणि ते सारं १९९६ साली छापून आलं.

म्हणजे काय, तर दोष दोन पिढ्या लपून राहिला आणि दोन्हीकडून एकत्र आला तेव्हाच उघडा पडला. जालना तर बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली. संकरित कपाशीचं बी राखून पुन्हा पेरलं, तर लपलेले गुण वर येतात, हे आपल्या शेतकरणींना वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडची रीत आठवा. मामाची मुलगी सून म्हणून आणायची, लेक आत्याच्या घरी द्यायची. अशा लग्नातली बहुतेक मुलं निरोगीच निघतात, हे आधी सांगते. पण एरवी शंभरात दोन-तीन बाळांना जन्मतः गंभीर दोष असतो, तो धोका सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात साधारण दुप्पट होतो. लपलेला दोष निम्मा आईकडून आणि निम्मा बापाकडून येतो. मग बोल एकटीलाच का? तिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून काही झालेलं नसतं. असं लग्न झालं असेल, तर घाबरू नका. पहिल्या भेटीतच डॉक्टरांना नातं सांगा. आणि जमवायचं चाललं असेल, तर दोन्ही घरांतल्या आजारांची चौकशी पत्रिकेच्या आधी करा.

आपल्या हातात असलेलं आणखी एक काम आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं पुरतं कळलेलंही नसतं! म्हणून फॉलिक आम्लाची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच सुरू करायची आणि पहिले तीन महिने चुकवायची नाही. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरच ठरवतील. मेथी, पालक, हरभरा, मूग जेवणात असू द्या, पण गोळीला तो पर्याय नव्हे. मीठ आयोडीनचंच वापरा. फिट्सचं औषध चालू असेल, तर ते मनाने बंद करू नका. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना विचारा.

‘जालना, सोने का पालना’ असं आपल्याकडे म्हणतात. पाळणा सोन्याचा नसला तरी चालेल. पण पाळण्यात बाळ येण्याआधी त्याच्या आईला वेळेवर गोळी मिळावी, आणि बाळ कसंही आलं तरी तिला बोल मिळू नये, एवढं तर आपण घरातल्या बायका नक्कीच करू शकतो. नाही का?