खरखरीची तक्रार कशी करावी

आकाशातल्या लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत; म्हणून त्या बिघडल्या तर दाद मागण्याचा हक्क श्रोत्यालाही आहे, असे आम्ही मानतो. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. तेथे मध्यम लहरींवर दर १० किलोहर्ट्झला एका स्टेशनाची जागा आखलेली आहे. २००२ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने जुन्या प्रक्षेपणाला जोडून डिजिटल प्रक्षेपणास दिवसा परवानगी दिली. हे जोडप्रक्षेपण मध्यापासून दोन्ही अंगांना सुमारे १५ किलोहर्ट्झ पसरते. अर्थात शेजाऱ्याच्या जागेत शिरते. २००७ साली रात्रीचीही मुभा मिळाली. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो मैल जातात. मग दूरचे स्टेशन लावावे, तो नुसती खरखर!

पण नियमाचे संरक्षण स्टेशनाच्या ठरलेल्या सेवाक्षेत्रापुरतेच असते. पलीकडच्या श्रोत्याच्या अर्जाला आधार उरत नाही. तेव्हा अर्ज करणाऱ्याने तारीख, वेळ, ठिकाण, लहरीचा आकडा व रेडिओचा प्रकार रोज टिपावा. ज्याचे प्रक्षेपण बुडते त्या स्टेशनालाही सोबत घ्यावे. कारण परवाना त्याचा असतो. कामगारांचे अर्ज लिहिताना आम्ही हेच शिकलो: अनेकांच्या सह्या आणि नेमक्या नोंदी असल्या, म्हणजे अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.